सोफ्यामागचे आजोबा

आमच्या घरात तयार झालेली एकमेव फिल्म बावीस मिनिटांची आहे. तिचं नाव 'पाचवं ताट'. नावाखाली 'मानसशास्त्रीय थरारपट' असं लिहिलेलं आहे, ते बाबांच्या आग्रहाखातर; प्रेक्षकाला काय मिळणार आहे हे आधी स्पष्ट सांगावं, असं त्यांचं मत होतं. गोष्ट एका बिनसलेल्या कुटुंबाची आहे. घरात माणसं चार, पण रोज संध्याकाळी टेबलावर ताटं पाच असतात. पाचवं कोणी मांडलं हे कोणीच कबूल करत नाही. चौघं एकमेकांवर संशय घेऊ लागतात आणि शेवटी एका संध्याकाळी ताटं पुन्हा चार होतात. फिल्मसाठी नवीन म्हणून फक्त एक निळा बल्ब आणला होता. बाकी सगळं घरातलं: इस्त्रीचं टेबल, दोन फोन, एक लोकरी मोजा आणि माणसं.

मी पुढे काही काळ बातम्यांच्या डेस्कवर काढला. जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहायचं आणि स्वतःला बाहेर ठेवायचं, हे तिथे पहिल्या आठवड्यात शिकवलं गेलं. या प्रकरणात दुसरी अट पाळता येणार नाही. पहिली पाळते.

नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला, आमचं घर एका रांगेतल्या बारा सारख्या घरांपैकी सातवं होतं. अरुंद, उभं, आणि जिना इतका चढा की त्यावरून गाद्या उतरवताना बाबा त्याला शिडी म्हणायचे. महामारी आली आणि त्या घरात पाच माणसं दिवसभर राहू लागली. बाबा चिप बनवणारी यंत्रं बनवतात त्या क्षेत्रात इंजिनिअर, ते माळ्यावर. आई अन्नप्रक्रियेची संशोधक, एरवी आगगाडीने वाखनिंगनला जायची, ती आता जेवणाच्या टेबलावर. तेरा वर्षांचा माझा भाऊ निहार मधल्या मजल्यावर वर्गात हजर आणि प्रत्यक्षात गादीवर. मी त्याच्या शेजारच्या खोलीत. आणि आजोबा, म्हणजे आईचे वडील, जिथे जागा मिळेल तिथे. ते साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. पोचल्यावर आठवड्याभरात विमानं बंद झाली. तीन महिन्यांचे आठ झाले.

त्या घराचा आवाज मला अजून थरांमध्ये ऐकू येतो. सर्वांत वर बाबांचं 'माझी स्क्रीन दिसतेय ना?'. त्याखाली निहारच्या शिक्षकांचं डच आणि त्याहून मोठ्याने त्याचा गेम. तळाला मिक्सर, आईची मीटिंग आणि कुकर. बारा वाजून दहा मिनिटांनी कुकरची पहिली शिट्टी व्हायची. बाबांच्या एका डच सहकाऱ्याने एकदा अदबीने विचारलं, तुमच्या घराजवळून आगगाडी जाते का? बाबा हो म्हणाले. नंतर मागे फिरता येईना. तो गृहस्थ पुढे अनेक महिने शिट्टी झाली की घड्याळात बघून म्हणायचा, "अगदी वेळेवर," आणि इकडच्या रेल्वेचं इतकं कौतुक मी पुन्हा कुणाकडून ऐकलं नाही. जेवणात टोकोमधून, म्हणजे आशियाई किराणा दुकानातून, आणलेल्या पिठाच्या पोळ्या. निहार पोळीवर लोणी लावून त्यात हाखेलस्लाख, म्हणजे चॉकलेटचे बारीक दाणे, भुरभुरवायचा आणि गुंडाळी करून खायचा. आजोबांनी पहिल्या दिवशी तोंड फिरवलं. दुसऱ्या आठवड्यात, कोणी बघत नाही अशा समजुतीने, त्यांनी दोन खाल्ल्या.

माझं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. इथे त्या वर्षी प्रत्येकाला एक मोठा प्रकल्प करावा लागतो, 'प्रोफिलवेर्कस्तुक'. मी फिल्म करायचं ठरवलं होतं. तीन मैत्रिणी, शाळेचा कॅमेरा, शाळेचं नाट्यगृह असा बेत होता. शाळा बंद झाली, मैत्रिणी आपापल्या घरी अडकल्या, आणि उरले हे चौघं. यात माझं बरंच काही पणाला लागलं होतं. मला टिलबर्गला पत्रकारिता शिकायची होती. बाबांना मी इंजिनिअर व्हायला हवं होतं. वाद मिटेना, तेव्हा बाबांनी तो ऑफिसच्या पद्धतीने मिटवला. प्रकल्पाला दहापैकी आठ मिळाले तर टिलबर्ग, कमी मिळाले तर इंजिनिअरिंग. हे त्यांनी एका तक्त्यात लिहिलं, खाली माझी सही घेतली आणि साक्षीदार म्हणून आजोबांची.

"अप्पा, तुम्ही कशाला सही केलीत?" आई म्हणाली. "इथे आठ म्हणजे फार होतात. सहा मिळाले तरी पोरं केक वाटतात."

"मी नुसता साक्षीदार," आजोबा म्हणाले. "पण मिलिंदराव, फिल्ममध्ये तुम्हीही काम करणार आहात हे ध्यानात असू द्या. तुम्ही वाईट काम केलंत तर ती नापास, आणि चांगलं केलंत तर तुमची पंचाईत."

बाबांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. तक्त्यात हे आलं नव्हतं.

आजोबांबद्दल एवढंच माहीत असणं पुरेसं आहे: ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कारकून होते आणि साताऱ्यातल्या एका हौशी नाट्यसंस्थेत तीस वर्षं प्रॉम्प्टर होते. एकदाही रंगमंचावर आले नाहीत. विंगेत स्टूल टाकून, वही मांडीवर घेऊन बसायचे आणि अडलेल्या नटाला वाक्य द्यायचे. त्यांचा अभिमान एकाच गोष्टीचा होता. तीस वर्षांत त्यांचा आवाज पहिल्या रांगेलाही कधी ऐकू गेला नाही. मी त्यांना फिल्ममध्ये आजोबांचं काम देऊ केलं. ते दुखावल्यासारखे झाले.

"मी तोंड दाखवत नाही," ते म्हणाले. "मला वही दे आणि बसायला स्टूल दे."

"आजोबा, फिल्मला प्रॉम्प्टर नसतो. वाक्य चुकलं की परत घेता येतं."

"परत घेता येतं म्हणून चुकायचं? ही कुठली शिस्त?"

त्यामुळे प्रॉम्प्टर ठेवला गेला. तो दिसू नये म्हणून त्याची जागा जेवणाच्या टेबलाजवळच्या सोफ्यामागे. ध्वनीचा विभाग बाबांकडे होता. कॅमेऱ्याच्या फोनचा आवाज हलक्या प्रतीचा येतो, असं मोजून त्यांनी दुसरा फोन फक्त आवाजासाठी ठेवला. तो लोकरी मोज्यात गुंडाळला. तोही दिसू नये म्हणून त्याची जागा सोफ्यामागे. त्या घरात लपायला तेवढीच एक जागा होती. ती दोघांना दिली आहे, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. त्यात एकजण रोज नॅनोमीटर मोजणारा होता.

शरद ऋतूतल्या सुट्टीत चित्रण सुरू झालं. दुपारी साडेचारलाच बाहेर ढगांनी अंधारून यायचं, थरारपटाला ते फुकटात मिळालं. बाबांची ऑफिसची चाकांची खुर्ची कॅमेऱ्याची गाडी झाली. निहार तीवर बसायचा, मी ढकलायची, आणि ज्या दृश्यात तो स्वतः असायचा त्यात कॅमेरा इस्त्रीच्या टेबलावर. प्रत्येक वेळी बाबा स्टीलच्या डब्यावर झाकण आपटायचे, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतील. मग बाबांचं पहिलं वाक्य.

"हे ताट कोणी मांडलं?"

"मिलिंद, तू संतापलायस," आई म्हणाली. "तू मीटिंगमध्ये विचारत नाहीयेस की हा मुद्दा कोणाकडे आहे."

"'कोणी'वर जोर द्या, मिलिंदराव," सोफ्यामागून आलं. "ताटावर नको. ताट सगळ्यांना दिसतंय."

बाबांनी 'कोणी'वर एवढा जोर दिला की टेबलाशी बसलेला निहार खुर्चीसकट मागे गेला. त्यानंतर निहारचं वाक्य होतं, 'मी नाही, खरंच मी नाही.' घरात आम्ही त्याच्याशी मराठीत बोलायचो आणि तो डचमध्ये उत्तर द्यायचा. कॅमेऱ्यासमोरही त्याने तेच केलं. "नेय, एख्त नीत."

"हे वहीत नाही," सोफा म्हणाला.

पाठांतर कोणीच केलं नव्हतं. आईला वेळ नव्हता, बाबांनी वाक्यांच्या तीन आवृत्त्या काढून जुनीच उघडी ठेवली होती, निहारला देवनागरी वाचता येत नव्हतं. तिसऱ्या दिवसापर्यंत अशी पद्धत पडली की सोफ्यामागून हलक्या आवाजात वाक्य यायचं आणि समोरचा ते म्हणायचा. आम्ही त्याला इतके सरावलो की ते ऐकतोय हेही कळेनासं झालं. काम सुरळीत चालू झालं. फक्त हसू आवरायचं नाही. संशयाने एकमेकांकडे रोखून बघण्याचं एक दृश्य आहे, वीस सेकंदांचं. ते घ्यायला दोन दुपारी लागल्या. आईने बाबांकडे बघितलं की बाबांच्या नाकपुड्या थरथरायच्या, त्या बघून निहार फुटायचा, आणि मी दिग्दर्शक म्हणून ओरडायला तोंड उघडलं की माझंही हसूच बाहेर यायचं. मग आईने ताट फेकण्याचा प्रसंग. काचेचं फोडायला ती तयार नव्हती, म्हणून स्टीलचं. ते जमिनीवर पडलं, कडेवर उभं राहिलं आणि फिरायला लागलं. फिरतच राहिलं. आवाज बारीक होत गेला, वेग वाढत गेला, चौघं दुःखी चेहऱ्यांनी खाली बघत उभे. सोफ्याच्या खालून आजोबांचे मोज्यातले पाय दिसत होते, ते हसण्याने हलत होते. ताट शेवटी थांबलं. तेव्हा आजोबांनी पुढचं वाक्य दिलं आणि ते त्यांना स्वतःलाच पुरं करता आलं नाही. बाहेर जग बंद होतं, रोज संध्याकाळी टीव्हीवर वाईट आकडे होते, आणि आम्ही पोट धरून जमिनीवर बसलो होतो. याचा मेळ मला तेव्हा घालता आला नाही. आता घालायची गरज वाटत नाही. ते ताट माझ्याकडे आहे. कडेला पोचा आहे.

शेवटचं दृश्य राहिलं होतं तेव्हा आजोबांच्या विमानाचा निरोप आला. चार दिवसांनी. ते चार दिवस बॅगा, कागद आणि चाचणीत गेले. निघताना त्यांनी मला वही दिली आणि सांगितलं, "शेवटचं दृश्य पाठ करून घ्या. मी नाही." बाबा त्यांना विमानतळावर सोडून आले. दुसऱ्या दिवशी साडेचारला आम्ही टेबलाभोवती बसलो. चार ताटं. झाकण आपटलं. पहिलं वाक्य बाबांचं होतं, 'आज चारच ताटं आहेत.' बाबांनी तोंड उघडलं आणि सोफ्याकडे बघितलं. मग आईने बघितलं. मग निहारने. सवयीने सगळे वाट बघत बसले, आणि तिकडून काही आलं नाही. कोणाला हसू आलं नाही. जवळजवळ एक मिनिट गेलं. मग आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि मी कॅमेरा बंद केला. पुन्हा घेऊ या, असं कोणी म्हणालं नाही.

प्रकल्प द्यायला दोन दिवस असताना मी मोज्यातला आवाज चित्राला जोडला. पहिलंच दृश्य. बाबा टेबलाकडे येतात, ओठ मिटलेले. आणि अगदी कानाशी, श्वासासकट, कुजबुज येते: 'हे ताट कोणी मांडलं?' मग बाबा म्हणतात, हे ताट कोणी मांडलं? मी पुढे गेले. आई काही बोलण्याआधी कुजबुज. निहारच्या आधी कुजबुज. माझ्या आधीही. टेबलावरच्या माणसांपेक्षा सोफ्यामागचा माणूस फोनच्या जवळ होता, म्हणून सर्वांत स्पष्ट तोच होता. बावीस मिनिटांत आमच्यापैकी एकानेही स्वतःहून एक वाक्य उच्चारलं नव्हतं.

मी सगळ्यांना बोलावलं. आई बघता बघता खुर्चीवरून घसरून खाली बसली, हसून हसून डोळ्यांतून पाणी. बाबांनी लॅपटॉप घेतला आणि चार तास कुजबुज गाळायचा प्रयत्न केला. कुजबुज गेली की संवादही जात होते. शेवटी ते म्हणाले, "हा माहीत असलेला दोष आहे असं लिहून टाक." निहार म्हणाला, "लात हेट खेवोन." असू दे तसंच. "मला भीती वाटली, बरं का," हे त्याने मराठीत सांगितलं, म्हणून मी ते गंभीरपणे घेतलं.

मी फिल्म तशीच दिली, आणि दोषाबद्दल काहीही लिहिलं नाही. आजोबांनाही सांगितलं नाही. पहिल्या रांगेलाही ऐकू न गेलेला आवाज आता शाळेला ऐकू जाणार होता. त्यांचा फोन यायचा तेव्हा मी म्हणायची, जमलीय फिल्म.

सादरीकरण व्हिडिओ कॉलवर होतं. माझे मार्गदर्शक मेनेर डेक्कर, म्हणजे डेक्कर सर, आणखी दोन शिक्षक, आणि घरच्यांना बघायची परवानगी. आईने परस्पर आजोबांनाही दुवा पाठवला होता. मला ते फिल्म सुरू झाल्यावर कळलं, पडद्याच्या कोपऱ्यात त्यांच्या नावाचा काळा चौकोन दिसला तेव्हा. आता थांबवता येत नव्हतं. पहिली कुजबुज आली. काळ्या चौकोनातून काही आवाज नाही. दुसरी आली. मेनेर डेक्कर मागे टेकून बसलेले होते, ते पुढे झाले. त्यांना मराठी येत नव्हती; त्यांना फक्त एवढं ऐकू येत होतं की घरात कोणीतरी न दिसणारा आहे, तो आधी बोलतो आणि मग माणसं बोलतात. एका बाईंनी खोलीतला दिवा लावलेला मी पाहिला.

शेवटचं दृश्य आलं. चार ताटं. बाबा तोंड उघडतात, सोफ्याकडे बघतात. आई, निहार. शांतता. मी ती शांतता तोवर पन्नास वेळा बघितली होती. आणि कॉलवर, अगदी कानाशी, श्वासासकट आलं:

"आज चारच ताटं आहेत."

मेनेर डेक्कर खुर्चीतून उडाले. त्यांचा चहा सांडला. माळ्यावरून बाबांचं आणि खालून आईचं ओरडणं एकदम ऐकू आलं.

"अप्रतिम," डेक्कर म्हणाले, हातातला रुमाल चहावर दाबत. "आवाज गेला असं वाटतं आणि शेवटी तो परत येतो. सई, ही कुजबुज काय म्हणते?"

"जे ते लोक नंतर म्हणतात, तेच."

"हे तर आणखी भयंकर आहे. ही कल्पना तुला कशी सुचली?"

माझ्यासमोर दोन उत्तरं होती. एकाला आठ होते, कदाचित नऊ. मला ज्या शिक्षणासाठी ते आठ हवे होते, त्यात पहिल्या दिवशी खरं तेच सांगायला शिकवतात हे मी तेव्हाच वाचलेलं होतं. बोलायचं ठरवलं तरी शब्द सापडेना. डच नाही, मराठी नाही.

"सांग," काळ्या चौकोनातून हलक्या आवाजात आलं. "आजोबा मध्येच बोलले. सांग त्यांना."

तिन्ही शिक्षक पुन्हा दचकले. फिल्म तोवर संपलेली होती.

मग मी सांगितलं. सोफा, मोजा, स्टूल, वही, विमान, सगळं क्रमाने. मी आता उत्तर देताना अडले हे आजोबांना डच न कळताही कळलं होतं, हेही. मेनेर डेक्कर एवढे हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. त्यांनी त्या गृहस्थांना कॅमेरा लावायची विनंती केली. आईने मोठ्याने सूचना दिल्या. आधी छत दिसलं, मग पंखा, मग आजोबा. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. तीस वर्षांत पडदा पडल्यावर नट पुढे यायचे तेव्हा आजोबा विंगेत वही मिटत असायचे. हात कुठे ठेवावेत हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी नमस्कार केला आणि मला विचारलं, "माझा आवाज एवढा येतो?"

"मोज्यामुळे, आजोबा. खोलीत नव्हता येत."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "पण शेवटी सगळे अडलात. एवढं सोपं वाक्य. मला राहवेना."

गुण आले: साडेसात. ध्वनीवर नियंत्रण नाही म्हणून कापले होते, आणि त्याच ध्वनीच्या परिणामासाठी वाढवले होते. मी कागद बाबांसमोर ठेवला. त्यांनी तक्ता काढला. मग शाळेचे नियम उघडून वाचत बसले.

"गुणपत्रिकेवर पूर्णांकच लिहितात," ते शेवटी म्हणाले. "साडेसातचे आठ होतात."

"राउंड ऑफ? तू?" आई म्हणाली. "पोह्यांत मीठ घालताना वजनकाटा काढतोस."

"नियम आहे," बाबा म्हणाले. त्यांच्या नाकपुड्या थरथरत होत्या.

ती फिल्म त्यानंतर फारशी कोणी बघितली नाही. आमच्या मराठी मंडळाने ऑनलाइन कार्यक्रमात ती सगळ्यात शेवटी ठेवली, तोवर लोक जेवायला उठले होते. फाइल माझ्याकडे आहे. तिच्या शेवटी चार ताटं आहेत, चौघं सोफ्याकडे बघतात आणि कोणी काही बोलत नाही. ते वाक्य फक्त त्या कॉलवर होतं आणि तो कॉल कोणी जतन केला नाही. आजोबा आता नाहीत. मी फिल्म लावते तेव्हा तिथे आल्यावर ते वाक्य देते. पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही, एवढ्याच आवाजात.